बिल सापडत नाही, कारण त्याला नावच नाही

सप्रेम नमस्कार,
सियागंजात किराण्याच्या ठोक दुकानात मी सात वर्षं हिशेब सांभाळते. जिरं उंझ्याहून येतं, धणे गुण्याकडून, हळद सांगलीहून. रोज चाळीसेक बिलं येतात. काही व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून, काही मेलवर, काही ट्रकवाल्याच्या हातात कागद. नोंद टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) होते, पण मूळ बिल मागितलं की माझी पंचाईत होते. रंगपंचमीच्या गेरीच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) आदल्या दिवशी सांगलीचं एक जुनं बिल शोधता शोधता रात्रीचे साडेनऊ झाले. डेस्कटॉपवर आयकॉनला जागा उरलेली नाही. सांगलीला पत्रं मराठीत जातात, इथल्या पार्ट्यांना हिंदीत, दोन्ही कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करते. दुपारी त्याच संगणकावर डिलिव्हरीचा मुलगा बसतो. मशीन विंडोज ११ चं आहे, मालक नवीन सॉफ्टवेअर घेणार नाहीत. भाच्याने साठ शॉर्टकटची यादी दिली, ती पाठ होत नाही. सातला निघता येईल असं काही सांगा.
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

ताई, नमस्कार.

भाच्याची यादी आधी ड्रॉवरमध्ये ठेवा. तुमची बोटं हळू चालतात म्हणून साडेनऊ वाजले नाहीत. फोटोतलं बिल तुम्हाला बिल म्हणून दिसतं, संगणकाला ते नुसते रंगाचे ठिपके दिसतात. त्यावर लिहिलेलं ‘सांगली’, ‘हळद’, बिलाचा नंबर, यातलं काहीच तो वाचत नाही. विंडोजचा शोध फाइलीचं नाव बघतो, आणि वर्ड किंवा अक्षरं असलेल्या पीडीएफच्या आतला मजकूर बघतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव ‘व्हॉट्सॲप इमेज’ आणि पुढे तारीख-वेळ एवढंच असतं. म्हणजे शोधायला धरावं असं त्या बिलाला काही नाही. तुमच्याकडे वर्षाला हजारो बिलं येतात आणि त्यातल्या बहुतेकांना नाव नाही. बाकी सगळं दुय्यम आहे, आधी हे करू.

डॉक्युमेंट्समध्ये एक फोल्डर करा, नाव ‘00 आलेलं’. पुढच्या दोन शून्यांमुळे ते नेहमी यादीत सर्वांत वर राहतं. त्याच्याच शेजारी आर्थिक वर्षाचं फोल्डर आणि त्यात महिन्यांची. महिन्याच्या फोल्डरचं नाव वर्ष आधी, मग महिना, असं आकड्यांत द्या. ‘एप्रिल’, ‘मे’ असं लिहिलंत तर महिने अक्षरांच्या क्रमाने लागतात आणि ऑगस्ट मेच्या डोक्यावर बसतो. पार्टीवार फोल्डर करू नका. पुष्कळ जण करतात आणि वर्षभरात दीडशे फोल्डर होतात, त्यात ‘उंझा’, ‘उंझा जिरा’ आणि ‘उंझा नवीन’ अशी तीन असतात. पार्टी शोधायला नाव पुरेसं आहे. जीएसटीचं काम महिन्यावर चालतं, दर महिन्याला भरत असाल तर ११ आणि २० तारखेला, म्हणून फोल्डरही महिन्याचंच हवं.

आता सगळ्या वाटा त्या एका दारात आणा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये डाउनलोडची जागा बदलून ‘00 आलेलं’ करा. व्हॉट्सॲपचा फोटो सेव्ह करताना तेच फोल्डर निवडा, स्कॅनरलाही तेच द्या. डेस्कटॉपवर काहीच ठेवायचं नाही, ‘फक्त आजच्यापुरतं’ म्हणूनही नाही.

दिवसातून दोनदा, साडेबाराला आणि सव्वासहाला, ते फोल्डर उघडा. यादी ‘डेट मॉडिफाइड’वर लावा. हे छोटं वाटतं, पण इथेच काम अडतं. यादी नावावर लावलेली असेल तर नाव बदललेली फाइल उडी मारून दुसरीकडे जाते आणि तुम्ही कुठवर आलात ते कळत नाही. नाव बदलल्याने ‘डेट मॉडिफाइड’ बदलत नाही, म्हणून ओळ जागच्या जागी राहते. पहिल्या फाइलीवर एफ २ दाबा, नाव लिहा, एंटर न दाबता टॅब दाबा. पुढच्या फाइलीचं नाव आपोआप लिहायला उघडतं. वीस फाइलींची नावं माउसला हात न लावता होतात. आतलं बिल बघायला ऑल्ट आणि पी दाबून उजवीकडे प्रिव्ह्यू उघडा. मेलवरून उतरवलेल्या पीडीएफचा प्रिव्ह्यू कधी कधी दिसत नाही, फाइल धोकादायक असू शकते असा इशारा येतो. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचा प्रिव्ह्यू बंद केला आहे, तुमचं मशीन बिघडलेलं नाही. ओळखीच्या पार्टीचं बिल असेल तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’वर टिक करा, किंवा सरळ डबल क्लिक करून बघा.

नाव असं: आधी बिलाची तारीख (वर्ष-महिना-दिवस), मग पार्टी, मग माल, मग बिल नंबर. पार्टीचं स्पेलिंग टॅलीच्या लेजरमध्ये (पार्टीच्या खात्यात) आहे तेच, अक्षरही इकडेतिकडे नको. टॅलीत इंग्रजीत असेल तर इथेही इंग्रजीत. आकडे सगळीकडे इंग्रजी अंकांत ठेवा. अर्ध्या फाइलींत देवनागरी आकडे आले तर बिल नंबर शोधताना काही सापडतील, काही राहतील. बिल नंबरात तिरपी रेघ असतेच, ‘318/25-26’ सारखी. फाइलीच्या नावात विंडोज ती रेघ घेत नाही, अपूर्णविराम, तारा आणि प्रश्नचिन्हही घेत नाही. तिथे आडवी रेघ टाका, आणि कायम आडवीच टाका.

मग टॅलीत नोंद करा आणि व्हाउचर नंबर, म्हणजे त्या नोंदीचा नंबर, त्याच नावाच्या शेवटी जोडा. तो जोडला की फाइल कंट्रोल एक्सने उचलून महिन्याच्या फोल्डरमध्ये टाका. यातून तुम्हाला एक गोष्ट फुकटात मिळते. ‘00 आलेलं’मध्ये जे उरलं आहे, तेवढीच नोंद बाकी. फोल्डर रिकामं दिसलं की दिवस मिटला. सव्वासहाला किती काम राहिलं आहे हे बघायला वही उघडावी लागत नाही, आणि मालकांनी विचारलं तर मोजून सांगता येतं.

फोटोची बिलं दोन-तीन पानांची असतील तर एक पीडीएफ करा, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. त्या बिलाचे फोटो निवडा. जे पहिलं पान हवं, त्यावरच राइट क्लिक करा, कारण ज्यावर क्लिक करता ते पान पुढे येतं. मग ‘शो मोअर ऑप्शन्स’मधून ‘प्रिंट’. प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’, कागद ए-फोर, उजवीकडे पूर्ण पानाचा पर्याय. आणि आता सर्वांत महत्त्वाचं: खाली ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ अशी एक टिक आधीपासून केलेली असते, ती काढा. ती राहिली तर फोटो कागदभर ताणला जातो आणि कडा कापल्या जातात. बिलाच्या कडेला काय असतं? वर जीएसटी नंबर, उजवीकडे रक्कम. छोट्या चौकटीत हे लक्षात येत नाही, सहा महिन्यांनी सीएने बिल मागितलं की येतं. पीडीएफ झाली की एकदा उघडून चारही कोपरे बघा, मगच फोटो काढून टाका.

पार्टीलाही एक विनंती करा: बिल फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं, त्यात ३ आणि ८ एकसारखे दिसू लागतात. डॉक्युमेंट जसंच्या तसं येतं. एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’खाली ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. बिलाच्या नावाने येणाऱ्या फाइलीच्या शेवटी ‘पीडीएफ’नंतर ‘ईएक्सई’ लपलेलं असेल तर ते दिसतं. अशी फाइल उघडायची नाही, लगेच पार्टीला फोन करायचा.

डॉक्युमेंट्समध्येच का, डी ड्राइव्हवर का नाही, असं मनात येईल. विंडोज मूळ सेटिंगमध्ये डॉक्युमेंट्ससारख्या स्वतःच्या फोल्डरांचीच सूची करून ठेवतं. डी ड्राइव्हवर शोधलं की ते एकेक फाइल चाळत बसतं. डी सोडायचीच नसेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सर्चिंग विंडोज इथे ‘एन्हान्स्ड’ निवडा. पहिली सूची व्हायला वेळ लागतो, ती रात्री होऊ द्या.

आता कृतिदेव. याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मध्य प्रदेशात टायपिंग शिकलेल्या पुष्कळांच्या हातात हेच असतं आणि यात वेग चांगला असतो. पण अडचण तीच, बिलाच्या फोटोचीच. कृतिदेवमध्ये तुम्ही ‘राम’ लिहिता तेव्हा फाइलीत ‘राम’ नसतं. तिथे जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना राम असं दाखवतो. म्हणून ‘हळद’ शोधलंत तर तुमचंच पत्र सापडत नाही. सांगलीच्या माणसाच्या संगणकात तो फॉन्ट नसेल तर त्याला पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. आणि व्हॉट्सॲपवर पेस्ट केलं तर तुमच्याच पडद्यावर तो गुंता होतो.

विंडोजमध्ये मराठी युनिकोड आहेच, त्यात फाइलीत खरंच मराठी अक्षरं साठतात. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, ‘ॲड अ लँग्वेज’, मराठी. मग मराठीसमोरच्या तीन टिंबांवर क्लिक, लँग्वेज ऑप्शन्स, ‘ॲड अ कीबोर्ड’, ‘मराठी फोनेटिक’. विंडोज बटण आणि स्पेस दाबलं की इंग्रजीतून मराठीत आणि परत. इंग्रजी अक्षरांत जसं बोलता तसं लिहायचं, खाली पर्याय येतात, त्यातून ‘ळ’चा शब्द निवडायचा. हिंदी फोनेटिकही असंच जोडता येतं. फॉन्ट ‘निर्मला यूआय’ ठेवा, तो विंडोजसोबतच येतो, समोरच्या विंडोज मशीनवरही असतो.

याची किंमतही सांगायला हवी. कृतिदेवची बोटांची सवय फोनेटिकमध्ये उपयोगी पडत नाही. पहिले पंधरा दिवस पत्राला दुप्पट वेळ लागेल आणि चिडचिड होईल. म्हणून मार्च अखेरीला सुरुवात करू नका. जुनी सगळी पत्रंही बदलायला घेऊ नका, त्यात एक महिना जाईल आणि हाती काही येणार नाही. नेहमी लागणारी पाच-सहा पत्रं तेवढी नव्याने युनिकोडमध्ये लिहून घ्या: येणं बाकी असल्याची आठवण, माल कमी भरल्याची तक्रार, क्रेडिट नोटची मागणी, बँकेचा तपशील. बाकी जुनं आहे तसं राहू द्या. फक्त त्यांच्या फाइलींची नावं नीट हवीत, मग आतलं शोधता आलं नाही तरी चालतं.

ही पत्रं वर्डमध्ये एकेकदा सेव्ह करा, मग राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘रीड-ओन्ली’वर टिक. त्यामुळे घाईत मूळ पत्रावरच नवीन पार्टीचं नाव सेव्ह होत नाही, वर्ड दुसरं नाव मागतं. लहान मजकुरासाठी विंडोज बटण आणि व्ही. पहिल्यांदा ‘टर्न ऑन’ विचारेल, हो म्हणा. यापुढे कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे दिसतात. दुकानाचा जीएसटी नंबर, पत्ता, पैसे मिळाल्याच्या पावतीचं वाक्य, अशा रोजच्या चार-पाच गोष्टींवर पिन लावा. मशीन बंद करून चालू केलं की बाकीचं पुसलं जातं, पिन केलेलं राहतं. त्या पॅनेलमध्ये पासवर्डही दिसतो, कारण तुम्ही तोही कधीतरी कॉपी केलेला असतो. तुमच्या मशीनवर दुसरा माणूस बसतो, म्हणून पासवर्ड कधी कॉपी करायचा नाही आणि उठण्याआधी ‘क्लिअर ऑल’ दाबायचं. पार्टीचे बँक खाते नंबरही पिन करू नका. शेजारशेजारचे दोन नंबर घाईत चुकतात, आणि गेलेले पैसे परत आणणं फार अवघड असतं.

डिलिव्हरीच्या मुलाचं वेगळं खातं आजच करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, ‘ॲड अकाउंट’. मायक्रोसॉफ्टचा मेल नसेल तर पुढच्या दोन पानांवर ‘माहिती नाही’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय’ हे पर्याय निवडा. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करू नका. तुम्ही उठताना विंडोज बटण आणि एल, तो त्याच्या नावाने आत. तुमच्या उघड्या खिडक्या तशाच राहतात, परत आलात की जिथे होतात तिथूनच सुरू. त्याच्या डाउनलोडचा पसारा त्याच्याकडे, तुमचा तुमच्याकडे. दोघांना लागणारी डिलिव्हरीची चलनं सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये ठेवा, ती दोन्ही खात्यांत दिसतात.

शॉर्टकट पाचच शिका: एफ २, विंडोज व्ही, विंडोज एल, विंडोज आणि डावा-उजवा बाण (डावीकडे बिल, उजवीकडे टॅली), आणि विंडोज शिफ्ट एस, ज्याने पडद्याचा हवा तेवढाच तुकडा उचलता येतो. बँकेच्या पानावरचा यूटीआर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) पार्टीला दाखवायला तो उत्तम. त्याचा फोटो आपोआप पिक्चर्समधल्या ‘स्क्रीनशॉट्स’मध्ये जातो, महिन्यातून एकदा तो रिकामा करा. फोनवर कोणी काय कबूल केलं ते नोटपॅडमध्ये लिहा, एफ ५ दाबलं की वेळ आणि तारीख पडते. ‘शुक्रवारी पैसे टाकतो’ याला वेळ लागली की पुढचं बोलणं सोपं जातं.

डेस्कटॉपवरचं जुनं सगळं कंट्रोल एने निवडून ‘99 जुनं’ नावाच्या एका फोल्डरमध्ये टाका. लावत बसू नका. शॉर्टकटवाले आयकॉन, टॅलीचा वगैरे, तेवढे परत काढा. त्यातली एखादी फाइल लागली आणि शोधावी लागली, की सापडल्यावर लगेच तिला नाव द्या आणि योग्य महिन्यात टाका. हे उचलण्याआधी एक गोष्ट तपासा: डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’. तिथे ‘वनड्राइव्ह’ शब्द दिसला तर तुमची कागदपत्रं इंटरनेटवरही जात आहेत. फुकट जागा ५ जीबी असते. फोटोची बिलं ती लवकर भरतात, मग नव्या फाइली वर जाणं थांबतं, आणि आपला समज मात्र सगळं सुरक्षित आहे असा राहतो.

म्हणून बॅकअप स्वतःचा ठेवा. मालकांना नवीन सॉफ्टवेअर नको आहे, पण एक टेराबाइटची बाहेरची हार्ड डिस्क मागा, ती मिळायला हवी. ती जोडा, कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी, ‘टर्न ऑन’. दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत आपोआप निघते. जुन्या प्रती मूळ सेटिंगमध्ये कायम राहतात, ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये एक वर्ष करा, नाहीतर डिस्क भरेल. महिन्यातून एकदा ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’मधून एखादं बिल खरंच परत काढून बघा. टॅलीचा डेटा यात येतो असं धरून चालू नका, त्याचा बॅकअप टॅलीतूनच रोज संध्याकाळी घ्या आणि त्याच डिस्कवर ठेवा.

ही डिस्क सतत जोडलेली असते, म्हणून मशीनमध्ये फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला तर तो डिस्कवरही पोचतो. दर शनिवारी चालू महिन्याचं फोल्डर आणि टॅलीचा बॅकअप एका पेन ड्राइव्हवर कॉपी करा, ‘इजेक्ट’ करून काढा आणि मालकांच्या हातात द्या. तो त्यांच्या घरी राहील, दुकानात नाही.